बाबांना लावलेला मस्का

माझं माहेर रोह्याचं. तिकडे कुणाला गोड बोलून कामाला लावलं की आम्ही म्हणायचो, मस्का लावला. लग्न होऊन जोह्याला गणपतीच्या कारखान्यात आले, तर इथले उत्तरेकडचे कारागीर मक्खन लावत होते. शेजारच्या चाची, ज्यांचा मुलगा कुवेतला असतो, त्या खुशामद म्हणतात. सासूबाई होत्या तेव्हा बजावायच्या, "माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नको गो." मी चढवलं. चांगलं शेंड्यापर्यंत.

सासरे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. मलाही त्यांनीच शिकवली, पण दोघं बसलो तरच ऑर्डर वेळेत जायची. दर सीझनला ते म्हणायचे, "आता बस झाला, डोळे दुखतात." मी चहा पुढे करायची. "बाबा, तुमचा हात अख्ख्या तालुक्यात नाय. आमचे गणपती नुसते बसतात, तुमचे बघतात." की स्वारी खूश! लगेच ब्रश उचलायचे.

गेल्या वर्षी आखणी वाकडी यायला लागली. मी काय करावं? बाबा जेवायला गेले की ते डोळे पांढऱ्या रंगाने बुजवून नवे आखायची, आणि संध्याकाळी म्हणायची, "बघा, कसा हात चाललाय!" मेली माझी जीभ.

यंदा पेणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली राखायची तर ऑपरेशन लगेच करा. बाबा म्हणाले, "कशाला? आखणी सरळ येते. तूच सांगतेस ना?"

पंधरा दिवस मिनतवाऱ्या केल्या, शपथा घातल्या, रडले. उपयोग शून्य. काल शेवटी सगळं ओकले. "बाबा, खोटं बोलले मी. तुमचे डोळे वाकडे येतात. वर्षभर मीच पुसून आखतेय."

ते खो खो हसले. "दवाखान्यात न्यायला तू कायपण बोलशील गो. मी काय तुला आज वळखतो?"

मी त्यांनी नुकतीच आखलेली मूर्ती उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. या वेळी काहीच पुसलं नव्हतं. एक बुबुळ पार नाकाशी, दुसरं वर आढ्याला. बाबांनी नाक टेकेल इतका चेहरा जवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"सरळच हाय की," म्हणाले, आणि पुढची मूर्ती मागितली.