ओदुओल सरांचा घसा

क्विंटर ओलांदो विमानात हवाईसुंदरी होती तोवर आहेरो गावात तिचा केवढा रुबाब होता! मग कंपनीच बुडाली आणि ती दोन बॅगा घेऊन आईच्या घरी परतली. नोकरीआधी तिनं शिक्षकाची पदवी घेतली होती, हे ती स्वतःसुद्धा विसरली होती. आई मात्र विसरली नव्हती. तिनं चर्चमध्ये शाळेच्या मुख्याध्यापिका अबोन्यो बाईंना गाठलं.

"एकच आठवडा ये," अबोन्यो बाई म्हणाल्या. "इतिहासाच्या ओदुओल सरांचा घसा बसलाय. आवाजच फुटत नाही बिचाऱ्यांचा."

आठवडा संपला, घसा काही सुटेना. दर सोमवारी सरांचा निरोप यायचा : अजून बरं नाही. महिना उलटला तरी क्विंटर त्याच वर्गात, खडूनं माखलेली.

वर्ग म्हणजे डोक्याला ताप. विमानात ती हसून "बसून घ्या हं" म्हणाली की मोठमोठे साहेब मुकाट्यानं बसत. इथं ती हसली की मुलं आणखीच चेकाळत.

"बाई, ढगात असताना संडासातलं खाली कुठं पडतं?" ओमोलो नावाचा टारगट पोरगा रोज विचारायचा.

"तुझ्या डोक्यावर! बस खाली!"

शिक्षकांच्या खोलीतही तेच. कुणी म्हणे, "मॅडम, चहा आणता का? तुम्हाला सवय आहे." पहिल्यांदा तिनं आणला. दुसऱ्यांदा किटली त्यांच्यापुढं आपटली. त्यात ओदुओल सर सहामाहीचे पेपर तसेच कपाटात टाकून गेलेले. मुलं रोज मार्क विचारत, आणि ती रोज "सर आले की" म्हणे. आता तिला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता.

निवडणुकीचे दिवस होते. एका दुपारी ती वसाहतकाळात इंग्रजांनी टाकलेली रेल्वे शिकवत असताना रस्त्यावरून कर्ण्याचा आवाज आला. "आहेरोकरांनो! माझ्या मेहुण्यालाच मत द्या! पाणी तोच आणणार!"

असा खणखणीत आवाज, की खिडकीची तावदानं थरथरली. मुलांनी माना खिडकीकडं वळवल्या. मग ओमोलो उठून उभा राहिला आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाला, "गुड आफ्टरनून, सर!"

पाठोपाठ अख्खा वर्ग उठला. मुलं हसून हसून बाकांवर कोसळली. क्विंटर मात्र हसली नाही. तिनं कपाटातला पेपरांचा गठ्ठा काढला आणि तडक फाटकाबाहेर गेली. गर्दीमुळं पिकअप गाडी रखडली होती. टपावर ओदुओल सर, गळ्यात झेंडा, हातात माईक.

"सर, घसा कसा आहे?"

सर एकदम खोकले. तेही माईकमध्येच.

"अगं... औषध चालू आहे..."

"बोलू नका, ताण येईल. हात तर धड आहेत ना? हे घ्या." तिनं गठ्ठा वर दिला. "सोमवारी तपासून हवेत. पोरं माझं डोकं खातात."

भाताची पोती वाहणारे हमाल, मासे विकणाऱ्या बाया, सगळे खो खो हसले. सरांना गठ्ठा घ्यावाच लागला.

संध्याकाळी अबोन्यो बाईंनी तिला फैलावर घेतलं. "वयानं मोठे आहेत ते! चारचौघांत असं करतात?"

"बाई, चारचौघांत ओरडत कोण होतं?"

बाईंनी चष्मा पुसला आणि विषय सोडला.

सोमवारी पेपर तपासून आले. मेहुणा मात्र निवडणुकीत पडला. दुसऱ्याच दिवशी ओदुओल सर ठणठणीत होऊन हजर झाले आणि क्विंटरच्या हातातून खडू घेऊन म्हणाले, "वर्ग बरा सांभाळलास हो, पोरी."

सुटले एकदाची, असं म्हणत ती पर्स उचलते तोच अबोन्यो बाई दारात. "शेतीच्या बाई बाळंतपणाला गेल्यात. तेवढं जरा बघ."

"मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही!"

"पुस्तक आहे की."

त्या रात्री जुन्या मैत्रिणीचा फोन आला. आखाती देशातल्या एका विमान कंपनीत भरती होती, दोघींनी मिळून जायचं, असं ती उत्साहानं सांगत होती. क्विंटर ताटातला उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा, गोळा तसाच ठेवून पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

"नंतर बोलू गं," ती वैतागून म्हणाली. "उद्या पहिलाच तास आहे आणि गाईच्या पोटाला चार कप्पे कशाला लागतात तेच मला समजेना. ओमोलो नेमकं तेच विचारणार."

"मग येणार की नाही ते तरी सांग!"

"नाही," क्विंटर म्हणाली, आणि पान उलटलं.