उरला एकच शब्द

देवसिंग गुरुजी गेल्याचं मला आर्णीच्या स्टँडवर कळलं. यवतमाळहून पुसदला त्यांनाच भेटायला निघालो होतो. मांडीवर संत्र्यांची पिशवी, आणि आज तरी त्यांच्या मनातलं ओळखायचंच, असा हट्ट. चहाला खाली उतरलो, तर समोरच्या एसटीतून पुसदचे एक ओळखीचे दुकानदार उतरत होते. म्हणाले, "आता कायले जाता जी? गुरुजी तं काल दुपारीच गेले." मी तरीही गेलो. दुसरं काही सुचलंच नाही... महिना उलटला. हट्ट अजून तसाच आहे आणि त्याचं आता काही करता येत नाही.

आमची ओळख छप्पन सालची. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या धांदलीत माझी बदली पुसदच्या कचेरीत झाली आणि खोली मिळाली ती गुरुजींच्या शेजारी. गुरुजी बंजारा, तांड्यावर वाढलेले, शाळेत मराठी शिकवायचे. त्यांचं एक ठाम मत होतं की माणसाला भुका चार. पोटाची, मायेची, डोक्याची, आणि चौथी... तिचं नाव ते कधी घेत नसत. संध्याकाळी ओसरीवर डोळे मिटून बसले, की चौथीचं जेवण चालू आहे असं आम्ही समजायचो. सकाळी पूस नदीत पोहणं आणि मागच्या वाफ्यात कुदळ, दिवसभर शाळा आणि वाचन, मग आल्यागेल्याची विचारपूस. एकीला वाढताना दुसरीला उपाशी ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. मी कचेरीच्या फायली घरी आणल्या, की भिंतीपलीकडून ओरडत, "अहो, तुमच्या तिघी उपाशी निजल्या आज!" त्यांच्या नादाने मीही करून पाहिलं. नदीत उतरलो तेव्हा नाकातोंडात पाणी गेलं, आणि डोळे मिटून बसलो तेव्हा घोरू लागलो. गुरुजी पोट धरून हसले होते.

पुढे माझी यवतमाळला बदली झाली, आणि एका सकाळी नदीवरून येऊन कुदळ हातात घेतली तोच गुरुजी वाफ्यात कोसळले. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. इतकं नेटकं मराठी बोलणारा माणूस, सगळं मराठी पुसून गेलं. मी धावत गेलो. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, ओठ हलले आणि एक शब्द आला. मला ऐकू आलं 'वाटी'. मी लगबगीने फडताळातली वाटी काढली, पाणी भरलं आणि त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांच्या पत्नी, सोनीबाई वहिनी, म्हणाल्या, "वाटी नाई भाऊ, बाटी. आमच्या बोलीत भाकरीले बाटी म्हनते. पोरं शाळेत मागं पडतीन म्हनून यायनं घरात आपली बोली बोलनं कवाचंच सोडलं होतं. अन् आता पाहा, तेवढाच एक शबद राह्यला."

वहिनींनी ताजी भाकर दुधात कुस्करून आणली. गुरुजींनी तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा तेच, "बाटी..."

मला त्यांच्या चार भुका आठवल्या. ही पोटाची नसेल, दुसरी असेल, असं मी वहिनींना समजावलं. मी त्यांना पुस्तक वाचून दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं, आणि पान संपल्यावर म्हणाले, "बाटी." मुलं आळीपाळीने हात धरून बसली. तांड्यावरून भजनी मंडळी आली, नगारा वाजला, गुरुजींनी डोळे मिटले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, सापडलं असं वाटलं. नगारा थांबला तसे डोळे उघडून, दारातल्या एकेकाकडे पाहत, "बाटी." डॉक्टर म्हणाले, त्या शब्दाला काही अर्थ नसेलही. मला त्यांचा भयंकर राग आला. रोज तो चेहरा त्यांना थोडाच पाहायचा होता! पण आमच्याही हातात काय होतं? चारी भुका जाणणारा माणूस आमच्यासमोर उपाशी पडला होता, आणि त्याला काय वाढायचं ते आम्हाला कळत नव्हतं.

शेवटच्या भेटीत मी बोटं पुढे करून एकेक विचारलं, "गुरुजी, ही? मग ही?" चारही वेळा मान हलली, नाही. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी माझ्या छातीवर टेकवलं. "बाटी." मला वाटलं, चिडून म्हणतायत, तूच शोध. मी मान खाली घालून निघून आलो.

गेल्या आठवड्यात पुसदला गेलो. दुपार टळली होती. गुरुजींची खाट हलवली आहे, खोलीत जागाच जागा झाली आहे. त्या मोकळ्या जागेत वहिनी एकट्या ताट घेऊन बसल्या होत्या. मला दारात पाहून नकळत म्हणाल्या, "या भाऊ, बसा. बाटी खाल्ली?"

आणि त्यांचा घास हातातच राहिला.

मीही उंबऱ्यावर उभा राहिलो. मग वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "तांड्यात कोनी दारात आलं का पयले हेच इचारतेत, भाऊ... लगन होईस्तोवर मी सोता इचारलं सगळ्यायले. अन् ते रोज मले इचारत होते, पोरायले इचारत होते, तं मी त्यायच्याच तोंडात घास कोंबत राह्यली. मले काहून नाई समजलं? एकडाव तरी 'हो, खाल्ली' म्हनलं असतं..."

त्या म्हणतात तेच खरं असेल का? कोण सांगणार आता! गुरुजींना विचारायची सोय नाही.

खाट होती त्या कोपऱ्याकडे मी पाहिलं. "हो गुरुजी," मी म्हणालो, "खाल्ली." सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.