कोऱ्या ताटांचा क्रम

हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या दुकानात भांड्यांवर नावे घालण्याचे काम वडिलांच्या वेळेपासून अण्णा करीत. ते नात्याने आमचे कोणी नव्हते. वडील त्यांना अण्णा म्हणत म्हणून मीही म्हणे, आणि ते मला तम्मा म्हणत, कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसे. विजेवर थरथरणारी सुई हातात धरून ते स्टीलच्या काठावर टिंबाटिंबांनी अक्षरे उमटवीत. लग्नातला आहेर असो की वर्षश्राद्धाला वाटायची भांडी, नाव घातल्याशिवाय ती देण्याजोगी झाली असे नव्वदच्या दशकात आमच्याकडे कोणी मानत नसे.

अण्णांची एक रीत होती. सुई टेकवण्यापूर्वी ते चिठ्ठीवरचे नाव मोठ्याने वाचत आणि गिऱ्हाइकाकडे पाहत. गिऱ्हाइकाने मान हलवल्याशिवाय सुई खाली येत नसे. भांडे कुणाच्या स्मरणार्थ असेल तर ते हलक्या आवाजात आणखी विचारीत, "कधी गेले?" उत्तर ऐकून क्षणभर थांबत आणि मगच नाव घालत. या थांबण्याचा मला तरुणपणी राग येई. दारात चार माणसे खोळंबलेली असताना मेलेल्याची चौकशी कशाला, असे मी वडिलांपाशी कुरकुरत असे. वडील फक्त म्हणत, "त्यांच्या हातून आजवर एक नाव चुकलेलं नाही."

वडील गेल्यावर काही वर्षांनी मी लेझरचे यंत्र आणले. दोन हजार सालानंतरचा तो काळ. यंत्राबरोबर संगणक आला आणि संगणकात ती सोय होती, जिचे मला विलक्षण अप्रूप वाटले: बदलता मजकूर. नावांची यादी एका फाइलमध्ये भरून ठेवायची. पायाखालचा खटका दाबला की पहिले नाव उमटे, पुन्हा दाबला की दुसरे, मग तिसरे. कोणी काही वाचायचे नाही, काही लिहायचे नाही. अण्णांना मी ठेवून घेतले खरे, पण कामाला माणूस हवा म्हणून. कोरे ताट साच्यात ठेवायचे आणि छापलेले उचलायचे, एवढेच आता त्यांच्याकडे उरले. सुई त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली.

त्याच सुमारास दाजीबानपेठेजवळच्या मराठी मंडळींच्या सभागृहासाठी ताटांचे काम आले. प्रत्येक कुटुंबाने एक ताट द्यायचे आणि काठावर देणाऱ्याचे नाव असायचे. ज्यांनी स्वतःच्या नावाने ताट दिले त्यांच्या नावाखाली 'यांजकडून', आणि ज्यांनी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने दिले त्यांच्या नावाखाली 'यांच्या स्मरणार्थ'. ताटे दीडशेच्या वर होती. दोन ओळींची अक्षरे लहानमोठी हवी होती, म्हणून मी दोन फाइली केल्या, एक वरच्या नावांची, दुसरी खालच्या ओळींची. खटका दाबला की दोन्ही याद्या बरोबरीने एकेक पाऊल पुढे सरकत.

त्या काळी मराठी फॉण्ट असे होते, की फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसे. त्याचे मराठी व्हायचे ते ताटावर उमटल्यावरच. म्हणजे सबंध दुकानात ती नावे वाचू शकणारा एकच माणूस होता, ताट उचलणारा.

काम सुरू करण्यापूर्वी खालची ओळ पुसट येईल अशी मला शंका आली. तेवढीच ओळ निवडून मी एका पत्र्याच्या तुकड्यावर छापून पाहिली. ठसा उत्तम आला. पण यंत्राने तो छापही मोजला. खालच्या ओळींची यादी एक पाऊल पुढे गेली आणि नावांची जागच्या जागी राहिली. दोन्ही याद्या पुन्हा पहिल्या ओळीवर आणून ठेवायला हव्या होत्या. मी ते केले नाही. यादीतली सुरुवातीची सगळी नावे 'यांजकडून'वाली होती, त्यामुळे पहिली ताटे निर्दोष दिसली आणि मी पाहायचे सोडून दिले.

दुपारी केव्हातरी अण्णा एक ताट हातात धरून थांबले.

"तम्मा, ह्यांना मी परवा दुर्गदबैलच्या बाजारात बघितलो की. पिशवी घेऊन चालले होते."

"कुणाला?"

"ह्यांना. इथं स्मरणार्थ आलंय."

"आजोबांचं नाव असेल. नातवाला तेच ठेवतात."

"बापाचं नाव पण तेच काय?"

"अण्णा, तुम्ही वाचत बसू नका," मी म्हणालो. "ठेवा आणि उचला. वाचायचं काम आता यंत्राचं."

ताट त्यांनी कागद घालून चळतीत ठेवले. त्यानंतर दिवसभर ते ताटे पालथी धरून उचलत होते, हे मला दिसत होते.

सभागृहात पहिली पंगत बसायच्या आधी सगळी ताटे लांब टेबलांवर मांडली होती आणि जो तो आपापले ताट शोधत होता. पंधरा दिवसांपूर्वी हृदयाच्या दुखण्यातून उठून घरी आलेले एक वृद्ध वकील होते. त्यांना त्यांचे ताट सापडले.

"वा, वा! मला पोचवलंत होय?" ते मोठ्याने हसले. "अहो, तेराव्याचं जेवण तरी सांगून घालायचं!"

"आणि आमच्या मामंजींनी बघा, वरून येऊन स्वतः ताट दिलंय," पलीकडून एक बाई म्हणाल्या. हशा पिकला.

वकिलांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या हातून ताट घेतले, पदराखाली झाकले आणि म्हणाल्या, "हसायचं काय त्यात?" मग कोणीच हसले नाही.

मंडळाचे चिटणीस निवृत्त शिक्षक होते, वडिलांच्या ओळखीतले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "कसं झालं हे?" तोपर्यंत मला तो पत्र्याचा तुकडा आठवला होता. हे मी आज जपून लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला समजावत असे की त्या क्षणी मला काही ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

"यंत्र चुकत नाही, सर," मी म्हणालो. "ताटं लावताना अण्णांकडून क्रम चुकला असणार."

त्यातले 'असणार' मी विचारपूर्वक घातले होते. खोटे बोललो असे पुढे कुणी म्हटले तर निसटायला तेवढी फट पुरली असती. अण्णा चार पावलांवर उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिले, मग चिटणीसांकडे वळून म्हणाले, "मी करून देतो, सर. हातानं."

सभागृहाच्या ओसरीत बसून पुढचे कित्येक दिवस त्यांनी चुकलेल्या ओळी घासून काढल्या आणि फडक्यातली ती सुई काढून नव्याने घातल्या. जाणारे-येणारे बोलत. "नीट बघून घाला हं अण्णा, परत कुणाला मारू नका." "चष्मा बदला की आता." प्रत्येक ताटाशी ते पूर्वीसारखे नाव मोठ्याने वाचत, पण मान हलवायला समोर कोणी नसे.

एकदा मी चहा घेऊन गेलो. शेजारी बसून सुरुवात केली, "अण्णा, त्या दिवशी मी..."

"तम्मा," ते ताटावरची नजर न काढता म्हणाले, "कोऱ्या ताटांना क्रम असतोय काय?"

दीडशे सारखी, कोरी ताटे. कोणते आधी ठेवले आणि कोणते नंतर, याने काय बिघडणार होते? सभागृहात शिकलेली इतकी माणसे होती, पण हे एकाच्याही ध्यानात आले नव्हते. त्यांनी सुई पुन्हा सुरू केली.

शेवटचे ताट झाल्यावर ते दुकानात परतले नाहीत. दुर्गदबैलात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर काही महिने बसत. मग त्या दुकानदाराने, त्यांच्याकडून नाव घालून घ्यायला गिऱ्हाइके कुरकुर करतात म्हणून, त्यांना येऊ नका असे सांगितल्याचे कानावर आले. ते अळणावरला मुलीकडे गेले. तिथे ते वारल्याचेही मला फार उशिरा समजले.

दोन वर्षांपूर्वी मी धारवाडला चिटणीसांच्या घरी गेलो. त्या पंगतीतले बहुतेक लोक गेले होते. ज्याला सांगावे असा हाच एक माणूस उरला होता.

"कुठली ताटं?" त्यांना आठवेना. मग म्हणाले, "हां, हां. तो म्हातारा. नजर गेली होती बिचाऱ्याची."

मी त्यांना सगळे सांगितले. पत्र्यावरची चाचणी, पुढे गेलेली यादी, ताट हातात धरून थांबलेले अण्णा, आणि कोऱ्या ताटांना क्रम नसतो हे. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा मला वाटले, अखेर हे कुणापर्यंत तरी पोचले.

"अगदी वडिलांवर गेलात," ते म्हणाले. "तेसुद्धा असेच. कामावरच्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायचे." आणि आतल्या दिशेने हाक मारली, "अगं, ऐकलंस का? मेलेल्या माणसाचं नाव राखायला हे हुबळीहून आलेत."

"नाही सर. चूक खरंच माझी होती."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "आजकाल असं कोण म्हणतं?"

त्यांच्या पत्नीने चहाबरोबर लाडू आणला. मी तो खाल्ला. निघताना ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले. पूर्वी ते खुर्चीवरून उठतही नसत.