रविवारचा डबा

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, मी एरवी जे सांगतो त्या मानानं खरा. पिणाऱ्याला आपले किस्से आठवत नाहीत आणि सोडलेल्याला ते विसरता येत नाहीत. त्यामुळे अशी चार माणसं एका झाडाखाली बसली, की ढीग पडायला वेळ लागत नाही. आमचं झाड म्हणजे अमरावतीच्या वानखडे गुरुजींच्या अंगणातला कडुनिंब.

तिथं मी पोचलो तो अकोल्यामार्गे! अठ्ठावन्न साल असेल. माझी बायको शांता, माझ्या पिण्याला कंटाळून चांदूर बाजारला माहेरी निघून गेली. जाताना भांडलीसुद्धा नाही, म्हणून मी घाबरलो. कोणी म्हणालं, अकोल्यात एक वैद्य दारू सोडवतो. गेलो. त्यानं मोठी बाटली दिली, रोज दोन चमचे घ्या म्हणाला. आसव होतं ते. परतीच्या गाडीत बडनेरा यायच्या आत बाटली संपली, आणि मी टांग्यात गात गात घरी आलो. औषधाला गुण नव्हता असं कसं म्हणू?

*

मग डोकं चालवलं. दारू सोडलेली माणसं कुठं बसतात हे कोणाला ठाऊक असणार? ज्याचं गिऱ्हाईक तुटलं त्याला. नाल्याकाठी मोहाची विकणाऱ्या रुक्माबाईला गाठलं. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "वानखडे मास्तरच्या आंगणात पाहा. मास्तर धरून माहे तीन पक्के गिऱ्हाईक तिथंच जाऊन बसले. तुमी बी जा, चवथे."

एवढा सरळ पत्ता मला आजवर पोस्टमननंही दिलेला नाही.

*

गुरुजी शाळामास्तर. छप्पन्नला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. म्हणायचे, "चार शीलं तं गाडीतच जमली भाऊ. पाचवं, दारू न पिण्याचं, त्याले सोबत लागली." म्हणून त्यांनी ही बैठक काढली. दर रविवारी दुपारी, आणि नियम एकच. आपण प्यालो की नाही हे आपल्या तोंडानं सांगायचं नाही. घरून डबा आणायचा. आठवडा कोरडा गेला तर बायको डबा भरून देईल, नाही तर रिकामा देईल. झाकण उघडलं की हजेरी लागली.

माझं काय? मला डबा देणारं घरात कोणी नव्हतं. गुरुजींनी तोड काढली. मी रिकामा डबा घेऊन यायचं, बाकीच्यांच्यातलं खायचं, आणि दर रविवारी शांताला कार्ड टाकायचं. मजकूर एवढाच: "या आठवड्यात घेतली नाही." खाली साक्षीदार म्हणून गुरुजींची सही. ती येईल की नाही, हे त्या कार्डांवर होतं. उत्तर एकाचंही आलं नाही.

*

बापूसाहेब काळ्या जमिनीचे मालक. ते आले, पण गुरुजींच्या अंगणात जेवायला त्यांचं मन घेईना. तीन रविवार झाडाकडे तोंड करून जेवले. चौथ्या रविवारी जिनिंगमधला फिटर पुंडलिक सहज म्हणाला, "बापूसाहेब, रुक्माच्या गिलासाले कधी जात इचारली होती का?"

बापूसाहेबांनी घास चावून गिळला. मग डबा उचलला, आमच्याकडे वळले, आणि गुरुजींना म्हणाले, "ठेचा इकडे सरकवा."

*

पुंडलिकचा किस्सा याहून भारी. एका रविवारी त्याच्या डब्यात कचोऱ्या निघाल्या. गुरुजींनी वहिनींच्या हाताची तारीफ केली. हाही म्हणाला, सकाळपासून तळून राहिली होती. तेवढ्यात फाटकातून त्याची बायको आली, हातात डबा. "घरीच इसरून आले हे," म्हणाली आणि ठेवून गेली. उघडला तर भाकरी, झुणका, कांदा. काठोकाठ.

गुरुजी म्हणाले, "दोन डबे आले, म्हंजे एक खोटा. कोनता, ते तूच सांग."

पुंडलिकनं हॉटेलच्या कचोऱ्या जवळ ओढल्या आणि बायकोचा डबा लांब सारला. "हा," म्हणाला. "तिले मालूम नाही, म्हनून भरला. तो आनायची हिंमत नाही झाली. मी गुरुवारी घेतली."

त्यानंतर तो मरेपर्यंत प्याला नाही. आमच्या झाडाचा हा मान आहे, आणि तो मी छाती काढून सांगतो.

*

आता माझा. आठ महिने कार्डं गेली. पोळ्याच्या आठवड्यात मात्र पाय घसरला. गुरुजींनी पेन पुढं केलं. मी लिहिलं, "या आठवड्यात घेतली." त्यांनी खाली नेहमीसारखी सही केली आणि मीच ते पेटीत टाकलं. टाकताना वाटलं, संसार टाकला.

पुढच्या रविवारी मी रिकामा डबा घेऊन बसलो होतो, तर चांदूर बाजारच्या एसटीचा कंडक्टर फडक्यात बांधलेला डबा घेऊन अंगणात उभा. आत वांग्याची भाजी, भाकरी, तिळाची चटणी. चौघांना पुरून उरेल इतकं. बापूसाहेबांनी आपला डबा बाजूला केला. गुरुजी म्हणाले, "भाऊ, आज तुमी वाढा."

आता कबुली देतो. तो कंडक्टर मी रचला. खरं सांगताना आवाज बसतो, म्हणून मधे त्याला घालतो. डबा शांता स्वतः घेऊन आली होती. दुसऱ्या हातात पोळ्याचं ते कार्ड होतं. मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "पयले जेवून घ्या."