महिन्याच्या मिस्सेला जेवून गेलेला पाहुणा

गेल्या महिन्यात एका सोमवारी सांडोर गावची माझी मामी सकाळीच एव्हरशाईन वसाहतीत माझ्या फ्लॅटवर आली. चर्चला नेसते ती साडी, हातात कागदांची पिशवी. विमा लोकपालांसमोर ऑनलाइन सुनावणी होती... माझ्या लॅपटॉपवर.

मामा मागच्या वर्षी वाडीत नारळ पाडताना झाडावरून पडले आणि जागीच गेले. अपघाती विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमही झालेलं. तरी कंपनीचं पत्र आलं... मयत दारूच्या अमलाखाली असावेत, सबब क्लेम नामंजूर.

असावेत! तपासणीत दारूचा थेंब सापडला नव्हता. मामा लग्नाकार्यात घ्यायचे, खोटं कशाला बोलू... पण झाडावर चढायच्या दिवशी कोऱ्या चहाशिवाय काही नाही, हा त्यांचा नेम अख्ख्या गावाला माहीत.

मग हे 'असावेत' आलं कुठून? ऐका, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल.

मामा गेल्याला महिना झाला तेव्हा त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती आणि नंतर घरी जेवण. जेवणाआधी पुरुष मंडळींनी अंगणात मामांच्या नावाने एकेक पेग घेतला, आमच्या घरची रीतच ती. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ आले. दुःखाच्या घरी आलेल्याला 'आपण कोण?' असं आम्ही विचारत नाही, जेवायला वाढतो... मामीनेही वाढलं, वर आग्रह करून.

तो निघाला कंपनीचा तपासनीस! जेवला, हात धुतले, अंगणातल्या बाटलीचा फोटो काढला आणि रिपोर्टात लिहिलं, 'मयताच्या घरी मद्यपानाची सवय आढळली.' खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

गावात कुजबुज सुरू झाली... पिऊन चढला म्हणे. पैशापेक्षा मामीला ते लागलं. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायला लागली.

तर सुनावणी. कंपनीच्या माणसाने स्क्रीनवर तोच फोटो दाखवला. मी मुद्दे लिहून तयार होते, पण इतका वेळ गप्प बसलेली मामी एकदम लॅपटॉपकडे झुकली.

"साहेब, माझा मानूस पुरल्यावर महिन्यानं काढलाय हा फोटो. मेलेला मानूस प्यायला उठला काय?"

ती तिथेच थांबली नाही.

"आनि तुमचा मानूस माझ्या हातचं जेवून गेला. कोन ते सांगितलं असतं, तरी वाढलंच असतं."

लोकपाल साहेबांनी फोटोची तारीख पाहिली. अपघाताच्या दिवसाचा काही पुरावा आहे का, असं विचारलं. कंपनीचा माणूस कागद उलटेपालटे करत राहिला... असेल तर मिळेल ना!

काल निकाल आला. क्लेम मंजूर. मी धावतच सांडोरला गेले आणि किती मिळणार ते सांगायला लागले, तर मामीने मला थांबवलं. "ते नंतर. दारूचं खोडलं का, ते वाच."

खोडलं होतं. मयताने मद्यपान केल्याचा कोणताही पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. मामीने आजूबाजूच्या चार घरांतल्या बायकांना हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाली, आता परत वाच, मोठ्यानं.

एवढं एक वाक्य मिळवायला तिला वर्ष लागलं... मी घसा बसेपर्यंत वाचलं असतं.