सलीमभाईंनी देवाची शक्ती नाकारली

मंडळी, आज आकुर्डीत आमच्या रविवारच्या खेळात मी देव होते. या खेळात सगळे काल्पनिक राज्यातली पात्रं होतात, फासे टाकतात आणि गोष्ट मी चालवते.

गॅरेजवाले सलीमभाई पुजारी-वैद्य झाले होते. माझा नियम असा की देवाच्या शक्तीने फक्त भक्तालाच बरं करायचं.

गोष्टीत शत्रूचा जखमी शिपाई आला. "मी भक्तच आहे," म्हणाला. धडधडीत खोटं! तरीही सलीमभाईंनी बरं करायला त्याच्या जखमेवर हात ठेवला. मी लगेच शक्ती काढून घेतली.

"बरं, मग पट्टी बांधतो," ते शांतपणे म्हणाले.

मी ओशाळले. शक्ती परत देऊ केली.

"राहू द्या ताई. आधी ह्याला पाणी पाजतो."

सांगा, असला नियम करणाऱ्या देवाने आता काय करावं?