भान्याचं बंद यंत्र

भान्या कुणाच्याही घरी गेला की आधी उंबऱ्यावर डोळे मिटून उभा राहायचा. चहापाणी नंतर. तासगावजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरीही तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "ऐक की रं गड्या, घर बोलतंय."

"घर नाही, फ्रिज बोलतोय. आत ये," मी म्हणालो.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी द्राक्षबागेत अडकलो आणि तो मुंबईला जाऊन सिनेमांसाठी आवाज टिपू लागला. झपाटलेल्या घराच्या एका सिनेमासाठी त्याला खरे आवाज हवे होते, म्हणून चार दिवस राहायला आला. बेदाण्याच्या शेडचा पत्रा, मोरीतला गळका नळ, मागच्या दाराची कडी, सगळं त्यानं इतक्या मायेनं टिपलं की मला त्या गंजक्या कडीचाही अभिमान वाटला. माणूस गोड, हे मी आजही नाकारत नाही. आईच्या हातची भाकरी खाताना त्याचे डोळे भरून यायचे.

माझे वडील, आबा, फौजेत होते, तिकडंच गेले. तेव्हापासून आई रोज दुपारी पहिलं ताट त्यांचं वाढते, मागच्या दारात उभी राहते आणि हाक मारते, "आवं, जेवाय चला. भाकरी निवतीया." जरा वेळ थांबते, मग आम्हाला वाढते. घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं. भान्या असताना एका दुपारी त्याच्या हातातलं आवाज टिपायचं यंत्र बघून ती दारातच थबकली.

"काकू, बिनघोर हाक मारा. यंत्र बंद हाय. तुमच्या गळ्याशपथ!"

आईनं हाक मारली.

सिनेमा लागल्यावर भान्यानंच तिकिटं पाठवली. आई ठेवणीतली साडी नेसून माझ्याबरोबर हौसेनं सांगलीला आली. पडद्यावर धुक्यातलं ओसाड घर दिसलं, आमची कडी वाजली, तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं. खुशीत होती बिचारी. मग अंधारातून बाईचा आवाज आला, "आवं, जेवाय चला..."

अख्खं थिएटर किंचाळलं. मागं कुणीतरी शिट्टी मारली, हशा झाला. आई माझा हात घट्ट धरून म्हणाली, "माझा आवाज भुतावानी हाय व्हय रं?"

बाहेर येऊन मी भान्याला फोन लावला.

"लय गाजलाय रं त्यो सीन! असली हाक कुठल्या नटीला जमतीया?"

"शपथ घेतली होतीस, भान्या."

"आरं, काकूंना अमर केलं की मी!" म्हणाला आणि हसला लेकाचा. तीस वर्षांची दोस्ती मी तिथंच, थिएटरच्या पायरीवर संपवली. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी आईनं आबांचं ताट वाढलं. मागच्या दारात गेली, ओठ हलले, पण हाक मारलीच नाही. भाकरी निवत चालली. शेवटी मलाच राहवेना. मी तिच्याशेजारी उभा राहिलो आणि मोठ्यानं हाक मारली, "आबा, जेवाय चला!"

आईनं घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू रं," ती म्हणाली. "कुणीतरी ऐकंल."